पितळेला अ‍ॅसिड लावू नये

पितळेला अ‍ॅसिड लावू नये, हे मी माझ्या थोरल्या जावेला सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, कारण जाणूनबुजून चुकीचं सांगणं मला जमत नाही. पण आपणहून सांगायला जावं एवढं प्रेम त्या वर्षी आमच्यात शिल्लक नव्हतं.

प्रेम का संपलं ते आधी सांगते.

आम्ही भिलाईत सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहतो. माझे सासरे भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले, पुढे दोन्ही मुलगेही तिथेच लागले. सासरे गेल्यावर सासूबाई धाकट्याकडे, म्हणजे आमच्याकडे राहू लागल्या. त्यांच्याबरोबर आल्या महालक्ष्म्या. भाद्रपदात त्या बसायच्या आमच्याच पुढच्या खोलीत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे पितळी मुखवटे सासूबाईंच्या सासूच्या वेळचे, जड, भरीव नाकाचे. सेक्टरातली मराठी घरं तर यायचीच, शेजारच्या छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली बायकाही संध्याकाळच्या हळदीकुंकवाला यायच्या. माझं लग्न झाल्यापासून मुखवटे उजळायचं काम माझं होतं, आणि ते काम मला आवडायचं.

साफसफाई हा माझा विषय आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. भिलाईत घर ठेवायचं तर तो विषय करावाच लागतो. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर संध्याकाळी बोट फिरवलं की प्लांटच्या धुळीनं ते तांबूस होतं. नवी लग्न होऊन आलेली मुलगी ही धूळ पहिल्यांदा ओल्या फडक्यानं पुसते आणि भिंतीवर चिखलाचे पट्टे ओढून ठेवते. आधी कोरडा झाडू, मग कोरडं फडकं, मग ओलं, हा क्रम मी कितीतरी जणींना शिकवला आहे. नवऱ्याचे ग्रीसचे कपडे वेगळ्या बादलीत, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, आधी भिजवायचे आणि मगच साबण लावायचा. फरशीला फिनाइल, पण देवघराला नाही, तिथे नुसतं गोमूत्राचं पाणी, कारण सासूबाईंना फिनाइलच्या वासात देव दिसत नाही. फ्रिजला खायचा सोडा. आरशाला वर्तमानपत्र आणि दोन थेंब व्हिनेगर. चांदीला रांगोळी, तांब्याला चिंच आणि मीठ, पितळेला चिंच आणि मग बारीक चाळलेली रांगोळी. संडासाला अ‍ॅसिड, तेही पातळ करून, खिडकी उघडी ठेवून.

माझं माहेर अहिवाऱ्याकडचं, चुन्याच्या खाणींच्या बाजूचं. तिथल्या पाण्यानं भांड्यांवर पांढरा थर बसतो. वडील खाणीत होते. दगडावर अ‍ॅसिडचा थेंब टाकून तो फसफसतो का, हे ते आम्हा मुलींना दाखवायचे. त्यामुळे अ‍ॅसिड दगडाचं काय करतं हे मला लहानपणीच कळलं, आणि तेव्हापासून त्या बाटलीचा मी मान ठेवते. सेक्टरात सायकलवर फिनाइल-अ‍ॅसिडवाला येतो, तो कुठल्याही जुन्या थंड पेयाच्या बाटलीत भरून देतो. मी घरात घेताच तिच्यावर कागद चिकटवते. वर नाव, खाली ती कशावर वापरायची नाही ते. सगळ्या बाटल्या मोरीच्या वरच्या कप्प्यात, हात मुद्दाम उंच करावा लागेल अशा. या पद्धतीवर घरातले हसायचे. नंतर याच पद्धतीचा माझ्याविरुद्ध पुरावा झाला.

माझी थोरली जाऊ रिसालीला राहते. भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, तिथे स्वतःचं घर बांधलं, वर गच्चीवर टाकी, खाली बोअर. दिसायला घर मोठं, पाणी मात्र आमच्या माहेरासारखं. नळावर पांढरे फोड येतात, टाइल्सवर राखाडी पट्टे. ती टाकीत ब्लीचिंग पावडर टाकते आणि नळ अ‍ॅसिडनं पुसते. कुठलंही काम पटकन व्हावं एवढंच तिला हवं असतं. घासणं म्हणजे तिला शिक्षा वाटते.

प्रेम संपलं त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी ती मदतीला आली. मी तिला कणीक भिजवायला बसवलं आणि मोरीत पातळ अ‍ॅसिड ओतून ठेवलं. खिडकी उघडली. तेवढ्यात खाली गॅसवाला आला, सिलेंडर घ्यायला मी जिना उतरले. वर येईपर्यंत काय झालं ते मी पाहिलं नाही, पण मला शपथेवर सांगता येतं. ती कणीक सोडून उठली. मोरीत डोकावली. डाग अजून आहेत असं तिला वाटलं. आपल्या पिशवीतून ब्लीचिंगचं पाकीट काढलं (घरच्या टाकीसाठी वाटेत घेतलेलं), अर्धं त्या अ‍ॅसिडवर ओतलं, आणि वास आला म्हणून खिडकी लावून घेतली, दार लोटलं. स्वयंपाकघरात वास येऊ नये म्हणून.

अ‍ॅसिडवर ब्लीचिंग टाकलं की जो वायू निघतो तो प्लांटमध्ये असता तर भोंगा वाजला असता. आमच्या मोरीत भोंगा नव्हता. सासूबाई सोवळ्याची अंघोळ करायला गेल्या, दार उघडलं, आणि दोन श्वासांत खाली बसल्या.

त्यांचा खोकला ऐकून मी सिलेंडर जिन्यातच टाकला. त्यांच्या काखेत हात घालून त्यांना गॅलरीत ओढलं. डोळे लाल, तोंडातून फेस, खोकला थांबेना. दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मोरीत काय टाकलं होतं? मी तोंड उघडायच्या आत थोरली बोलली.

"लहानीनं टाकलं होतं काहीतरी. तिच्याकडेच राहतात थ्या बाटल्या. आमाले काय समजते त्यातलं?"

मी म्हटलं, "मी अ‍ॅसिड टाकलं होतं. नुसतं अ‍ॅसिड. ब्लीचिंग माझ्या घरात नसतेच."

"बघा," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "टाकलं म्हणते ना!"

मी अर्धं कबूल केलं होतं, तेवढं तिला पुरलं. भासरे माझ्याकडे बघेनात. माझे हे बाहेर बाकावर बसून म्हणाले, "आता जाऊ दे, आई बरी झाली म्हणजे झालं." सासूबाईंना ओढताना मोरीच्या कोपऱ्यात दिसलेलं फाटकं पाकीट मी घरी येऊन शोधलं, तर ते नव्हतं. मोरी स्वच्छ धुतलेली होती. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच थोरलीनं, माझ्याआधी घरी येऊन, माझी मोरी धुतली होती.

सासूबाई बऱ्या झाल्या. दवाखान्यातून त्या परस्पर रिसालीला गेल्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, ना बरा ना वाईट. आठवड्यानं भासरे आले आणि त्यांचे कपडे, जपाची माळ, आणि लाल फडक्यात बांधलेले मुखवटे घेऊन गेले. त्या वर्षीच्या महालक्ष्म्या तर राहूनच गेल्या होत्या. पुढच्या वर्षीपासून त्या रिसालीला बसणार, असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला कुणी सांगितलं नाही.

त्यानंतरचं वर्ष मी दात आवळून काढलं. सेक्टरात गोष्ट फिरली, आणि फिरता फिरता तिला पाय फुटले. हिच्या हातून सासू मरता मरता वाचली. हिला सगळं घासायचं वेड आहे ना, त्यातून झालं. संक्रांतीच्या एका हळदीकुंकवाला एक बाई सगळ्यांसमोर हसत म्हणाली, "तुमच्या घरचा चहा प्यायचा ना वो, का त्यातबी काही टाकता?" मीही हसले. घरी येऊन गॅसची शेगडी घासली, खालची जाळी, बर्नरची भोकं, सुईनं एकेक. हात काही करत असले की डोकं चालतं. डोक्यात एकच गोष्ट होती. मला माझं नाव परत हवं होतं, आणि ते थोरलीच्या तोंडून हवं होतं. तिच्या मनातून नको, माझ्या नवऱ्याच्या समजुतीतून नको. तिच्या तोंडून, ऐकू येईल एवढ्या आवाजात. आणि महालक्ष्म्या माझ्या खोलीत परत हव्या होत्या. याहून कमी काही मला चालणार नव्हतं.

मी काय काय विचार केले ते सगळे इथे लिहीत नाही. एक सांगते. दिवाळीला तिच्याकडे गेले तेव्हा तिच्या नव्या बैठकीत पांढऱ्या संगमरवराची फरशी होती आणि ती मोलकरणीला सांगत होती, "अ‍ॅसिड मारून चमकव." संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड. मी चहाचा कप उचलला आणि फरशीकडे बघत फुंकर घातली. पुढच्या वेळी गेले तेव्हा फरशी आंधळी झाली होती, सोफ्याखालचा भाग तेवढा चमकत होता. "कावून अशी झाली काय माहीत," ती म्हणाली. मी म्हटलं, "दुकानदारानं फसवलं असन." त्या दिवशी मी परत येताना रिक्षावाल्याशी गप्पा मारत आले.

पण फरशीनं माझं नाव परत येणार नव्हतं.

भाद्रपद आला. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. खाली थोरलीची स्कूटी थांबली. तिनं बेल वाजवली, मी मुद्दाम थांबले. परत वाजवली.

"अवो, उघड ना दार. मले माहीत हाये तू घरीच आहेस. गॅलरीत दिसून राहिली."

मी दार उघडलं. ती घामानं भिजलेली, पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी. आत येऊन तिनं दार स्वतःच लावलं. पिशवी जमिनीवर ठेवली, पण उघडली नाही.

"पाणी दे पहिले."

पाणी दिलं. तिनं सगळं पिऊन घेतलं आणि म्हणाली, "हे बघून ओरडजो नको."

पिशवीतून लाल फडकं काढलं, सोडलं. आमच्या महालक्ष्म्या. पितळ राहिलंच नव्हतं. गालांवर तांबडे, गुलाबी चट्टे, कपाळ विटेसारखं, एकीचे डोळे उडालेले, दुसरीच्या भुवया अर्ध्या. जुन्या नाण्यासारखा रंग. मला भीती वाटली, आणि त्याच क्षणी, खरं सांगते, बरंही वाटलं.

"काय केलं, ताई?"

"काही नाई. धुतले फक्त."

"कशानं?"

"पाण्यानं."

"पाण्यानं पितळ लाल नाई होत."

"आमच्या पाण्याचं तुले माहीतच हाये. पांढरे डाग पडले होते. मग म्हटलं…" ती नजर चुकवून पंख्याकडे बघू लागली. "नळाले लावते ना, थे थोडंसं. नळ कसे चमकते! म्हटलं, पितळच त हाये. बादलीत टाकले अन फोन आला, बोलत राहिली."

"म्हणजे बुडवून ठेवले."

"थोडा वेळ!"

तिला वाटलं होतं नळ पितळेचा, मुखवटा पितळेचा, एकच गोष्ट. नळावर चमकतो तो वरचा मुलामा आणि खाली जाते ती चुन्याची खपली, हे तिला कोण सांगणार? पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. अ‍ॅसिड जस्त खाऊन टाकतं आणि वर नुसतं तांबं उघडं पडतं. पण ते वरवरचंच असतं, नखाएवढंही खोल नाही. मला उपाय माहीत होता. वेळ लागणार होता, एवढंच.

"आईनं पाहिलं?"

"नाई ना! पाहिलं असतं त मी इथं आली असती का? उद्या सकाळी आवाहन हाये. सगळ्यायले बोलावून ठेवलं. तू कर ना काही. तुले येते हे सगळं."

मी मोरीवरच्या कप्प्यातून चाळलेल्या रांगोळीचा डबा काढला, चिंच काढली, जुन्या मऊ धोतराचा तुकडा काढला, साबण घेतला. सगळं गॅलरीत पाटाशेजारी मांडलं. मग स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

"सुरू कर ना," ती म्हणाली.

"करतो. पहिले आईले फोन लाव. स्पीकरवर."

"कायले?"

"मोरीत ब्लीचिंग कोनं टाकलं होतं, थे सांग."

मी डब्याचं झाकण उघडून परत लावलं.

"तू बदला घेऊन राहिली?"

"हो. घेऊनच राहिली."

"आज? उद्या महालक्ष्म्या हाये न तुले आज सुचून राहिलं?"

"मले रोजच सुचते. तू आज आली."

ती उठली, मुखवटे परत फडक्यात बांधू लागली. "दुर्गच्या बाजारात पॉलिशवाला हाये. त्याले देतो. त्याले बदला-बिदला नाई लागत."

"दे. मशीनवर घासून देईल. नाक सपाट करून देईल, भुवया बी जाईन. मग उद्या सवाष्णी विचारतीन, महालक्ष्मीचं नाक कोनं कापलं?"

तिचे हात थांबले. तिला राग आला होता आणि ती रडण्याच्या काठावर होती. दोन्ही मला चालणार होतं. शेजारची छत्तीसगढी काकू तिच्या गॅलरीत मिरच्या वाळवत होती, ती तशीच थांबून ऐकत होती. मी तिला आत जायला सांगितलं नाही.

थोरलीनं फोन लावला.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला. "मी लहानीकडे आली. नाई, असंच. एक सांगायचं होतं. थे मागच्या वर्षी… मोरीत ब्लीचिंग मी टाकलं होतं. लहानीनं नाई. मले नव्हतं माहीत असं होईल."

फोनमध्ये मागे कुणीतरी नारळ फोडत होतं.

मग सासूबाईंचा आवाज आला, नेहमीचा, कोरडा. "मले मालूम हाये."

मी खुर्चीतून उठले. फोन थोरलीच्या हातातून घेतला. "आई, काय म्हटलं तुम्ही?"

"तू हायेस का तिथं? म्हटलं, मले मालूम हाये. दार उघडलं तवाच समजलं. तुझ्या घरी ब्लीचिंग कधी दिसलं का मले? अन थोरली स्वयंपाकघरात हात धुवून राहिली होती नळाखाली, हाताले पांढरं पांढरं लागलेलं. पाहिलं मी."

"मग डॉक्टरले कावून नाई सांगतलं?"

"तोंडातून शब्द निघत होता का माझ्या?"

"मग नंतर?"

"नंतर काय सांगू? थोरलीले बोललं असतं त तिनं आकांत केला असता, पोरायले घेऊन माहेरी गेली असती, मोठ्याचं घर फुटलं असतं. तुले बोललं त तू काय करते? भांडे घासते. तू सोसून घेते, बापा. म्हणून." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "अन तिच्याकडे खालीच खोली हाये. तुझा जिना चढवत नाई मले."

थोरली माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. सासूबाईंनी तिला वाचवलं होतं, आणि हे तिला आत्ताच कळलं होतं.

मला त्या वेळी रडू आलं नाही. मी फोन बंद केला, पाटाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "बस. तू घासशीन. मी सांगतो."

"मी?"

"हात कोनाचे खराब झाले पाहिजे? माझे?"

ती बसली. आधी साबणाच्या पाण्यानं अ‍ॅसिड पूर्ण काढायचं, पाणी बदलून, परत, परत, नाहीतर ते आतून खात राहतं. मग चिंचेचा कोळ. मग ओल्या धोतरावर बारीक रांगोळी घेऊन गोल गोल, जोर न लावता, एकाच ठिकाणी न थांबता. नाकाच्या बाजूला काडीला कापूस गुंडाळून. ती पहिल्यांदा जोर लावून घासायला लागली तेव्हा मी म्हटलं, "नळ नाई हाये तो." ऊन गॅलरीतून सरकत खोलीत आलं. तिच्या बांगड्या मधे यायच्या, त्या तिनं वर सारल्या. तिची नखं काळी झाली. मी अध्येमध्ये कपडे गोळा केले, डाळ शिजत घातली, पुन्हा येऊन बसले. तिला चहा दिला नाही.

गुलाबी रंग हळूहळू मागे सरला आणि खालून पिवळं पितळ वर आलं. ते दिसल्यावर थोरलीही घाईनं घासेनाशी झाली. एकदा तर हसली, "अवो बघ, उजळून राहिली बाई!" कानांच्या मागे थोडी लाली राहिली, ती राहू दिली. डोळे आणि भुवया मी स्वतः रंगवल्या, काळा रंग आणि बारीक ब्रश, श्वास रोखून. तेवढं काम मी कुणाला देणार नव्हते.

रंग वाळला तेव्हा ती पिशवी घेऊन उठली.

"ठेव ती," मी म्हटलं. "मुखवटे इथंच राहतीन."

"काय बोलून राहिली? आमच्याकडे महालक्ष्म्यायचे धड मांडले, साड्या काढल्या, सोळा भाज्या आणल्या!"

"सगळं इथं आण."

"आई काय म्हणन?"

"आई जिना चढन."

तिनं भासऱ्यांना फोन केला, भासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला केला, माझे हे शिफ्ट संपवून आले ते दारातच म्हणाले, "काय करून ठेवलं हे? दादा चिडला आहे." मी मुखवट्यांकडे हात केला. त्यांनी बघितलं, मग थोरलीची काळी नखं बघितली, आणि चप्पल काढून मुकाट्यानं पाट आणायला आत गेले. त्यांच्याकडून वर्षभर जे मिळालं नव्हतं त्यातलं थोडं तेव्हा मिळालं. तेवढ्यानं मी खूश झाले नाही.

रात्र व्हायच्या आत रिसालीहून छोटा हत्ती टेम्पो भरून सगळं आलं. महालक्ष्म्या मुखवटे असतील तिथेच बसतात, यावर कुणालाच काही म्हणता येत नव्हतं. सकाळी सासूबाई आल्या. माझे हे आणि भासरे, दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना जिना चढवला. प्रत्येक वळणावर त्या थांबल्या, माझ्याकडे वर बघितलं. मी वरच्या पायरीवर उभी होते. खाली उतरले नाही. त्यांच्या पायावर पाणी घातलं, पाया पडले, आत नेलं. रीत म्हणून जे करायचं ते सगळं केलं.

आवाहन झालं, दुसऱ्या दिवशी पूजा, पुरण, आंबील. दोन दिवस आम्ही तिघी एकाच स्वयंपाकघरात मीठ किती, तेल किती याशिवाय बोललो नाही. थोरली फार गोड वागत होती. तिला वाटत होतं फोनवर झालं ते झालं, संपलं. सासूबाईंना तर अजून काही बाकी आहे असं वाटतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकू. पुढची खोली भरली. मराठी बायका सगळ्या, चहाची चेष्टा करणारी बाईही आली, समोर बसली. छत्तीसगढी काकू दारात, तिच्या मागे आणखी दोघी-तिघी, काही जणी जिन्यात उभ्या. महालक्ष्म्या हिरव्या साड्यांत, दिव्यात पितळ चमकत होतं. सगळ्या म्हणाल्या, यंदा मुखवटे किती उजळलेत!

हळदीकुंकू आधी घरातल्या मोठ्या बाईला लावायची आमच्याकडे रीत आहे. म्हणजे महालक्ष्म्यांना लावून झालं की सासूबाईंना. सासूबाई विधवा आहेत, पण आमच्या घरात त्या मान घेतात, आणि मला ते बरोबर वाटतं. मी कोयरी घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी कपाळ पुढे केलं.

मी हात थांबवला.

"आई," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "मागच्या वर्षी मोरीत काय झालं होतं, थे सांगा पहिले."

त्यांचे डोळे बारीक झाले. "आता?"

"आताच."

"पूजेत?"

"त्यांच्यासमोरच." मी महालक्ष्म्यांकडे बघितलंही नाही.

थोरली उठायला लागली. मी म्हटलं, "ताई, बस." ती बसली. चहाची चेष्टा करणारी ती बाई पुढे वाकली. माझे हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, त्यांनी मला थांबवलं नाही.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. सोसून घेणारी म्हणून ज्या बाईवर त्यांनी सगळं टाकलं होतं ती त्यांना तिथे दिसत नव्हती बहुतेक. मग त्यांनी पदर सावरला आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "लहानीनं काही नव्हतं केलं. ब्लीचिंग थोरलीनं टाकलं. मले मालूम होतं अन मी चूप राहिली."

कुणीतरी "अगं बाई" म्हटलं. दारातल्या काकूनं मागच्यांना छत्तीसगढीत समजावून सांगायला सुरुवात केली.

"झालं का तुझं?" सासूबाई म्हणाल्या. "लाव आता."

मी कोयरी खाली ठेवली.

"नाई झालं. जिन्यातल्यायले ऐकू नाई गेलं. परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं, या वेळी मान वर करून.